सिद्ध दाता

तिसऱ्यांदा विचारणा आली तेव्हा सारिका मगदूम टँकरवर चढून दुधाचं सॅम्पल काढत होती. खिशातला फोन थरथरला, पण तिनं तो तसाच राहू दिला. दूध ढवळून घेतलं, बाटली भरली, बाटलीवर टँकरचा नंबर घातला आणि शिडीवरून उतरताना मधल्याच पायरीवर थांबून श्वास घेतला. अलीकडे ती तिथं थांबायचीच. दूध संघाच्या लॅबमध्ये तिला बावीस वर्षं झाली होती आणि त्यातली वीस वर्षं ती ही शिडी न थांबता चढली-उतरली होती.

फोन हर्षदचा होता, तिच्या थोरल्या दिरांच्या, म्हणजे अण्णांच्या, मुलाचा. एरवी दिवाळी-पाडव्याला फोन करणारा मुलगा सकाळी साडेसहाला फोन करतो म्हटल्यावर तिला अंदाज आलाच. तिनं उलट फोन लावला.

"काकी, अण्णांचा रिपोर्ट आलाय."

"काय म्हणतात?"

"तीन-चार महिने म्हणतात. लिव्हर बदलायला लागणार. तुम्हाला गुरुवारी मिरजेला येता येईल का? नुसतं तपासायला."

नुसतं तपासायला. पाच वर्षांपूर्वी वडिलांच्या वेळी तिला असंच बोलावलं होतं. अडीच वर्षांपूर्वी अभिनंदनच्या, तिच्या धाकट्या भावाच्या वेळीही हेच शब्द होते.

"बघते," ती म्हणाली आणि आत जाऊन दुधातलं फॅट मोजायच्या मशीनसमोर बसली.

*

सारिकाच्या लहानपणी यकृताचा तुकडा माणूस आयुष्यात एकदाच देऊ शकत असे. यकृत वाढतं हे खरं, पण तेव्हा ते फक्त फुगायचं. उरलेला भाग मोठा होऊन काम निभावायचा. कापून दिलेला भाग, त्याच्या पित्ताच्या नळ्या, रक्तवाहिन्यांची मांडणी, यातलं काही परत यायचं नाही. दुसऱ्यांदा द्यायला जागाच नसायची.

मग एका प्रथिनाचा शोध लागला. यकृतातल्या बारीक पित्तनलिकांच्या टोकाशी काही पेशी वर्षानुवर्षं झोपलेल्या असतात. त्यांना पूर्वज पेशी म्हणतात, कारण यकृताची कुठलीही पेशी त्यांच्यापासून होऊ शकते. पण त्या वाढत नाहीत, कारण त्यांच्या केंद्रकात, म्हणजे जिथं डीएनए असतो तिथं, हे प्रथिन ठाण मांडून बसलेलं असतं. वाढीच्या सूचना डीएनएच्या ज्या भागात लिहिल्यात तो भाग ते मिटवून ठेवतं. शास्त्रज्ञांनी त्याला लांबलचक नाव दिलं होतं. मिरजेतले डॉक्टर, नर्स आणि नातेवाईक त्याला 'लगाम' म्हणत.

तुकडा दिल्यानंतर दात्याला एकवीस दिवस रोज एक इंजेक्शन दिलं की लगाम केंद्रकातून बाहेर पडतो. झोपलेल्या पेशी जाग्या होतात, आणि यकृत मूळचं होतं तसं, नळ्यांसकट, पुन्हा बांधलं जातं. इंजेक्शन थांबलं की लगाम परत आपल्या जागी जाऊन बसतो आणि वाढ थांबते. सगळा धोका या परत जाण्यात होता. काहीशे माणसांमागे एखाद्याचा लगाम वेळेत परतत नसे आणि पेशी वाढतच राहत. मग गाठी होत.

म्हणून ज्याचा लगाम एकदा सुटून नीट परत बसलाय, असा माणूस डॉक्टरांना नव्या माणसापेक्षा जास्त भरवशाचा वाटे. अशांची नोंद ठेवली जाई. कार्डावर हिरव्या अक्षरात छापलेलं असे: सिद्ध दाता.

सारिकाकडे ते कार्ड होतं. शिवाय तिचा रक्तगट ओ, म्हणजे कुणालाही चालणारा. ज्यानं एकदाही दिलं नाही त्याला कुणी विचारत नव्हतं, आणि ज्यानं दिलं होतं त्याच्याकडे पुन्हा पुन्हा माणसं येत होती. दुसरीकडे मेल्यानंतर अवयव देण्याचे फॉर्म लोकांनी भरणं जवळजवळ सोडलं होतं. जिवंत माणसाचं परत वाढतंय, मग मेलेल्याला कशाला फाडायचं, असं लोक म्हणत.

*

संध्याकाळी तिचा नवरा उदय सूतगिरणीतून आला. तिथं तो इलेक्ट्रिशियन होता. हर्षदनं त्यालाही फोन केला होता हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो हात-पाय धुऊन स्वयंपाकघरात आला आणि लसूण सोलायला बसला.

"तुम्ही काय म्हणता?" सारिकानं विचारलं.

"मी काय म्हणू?" त्यानं मान वर केली नाही. "मला जमलं असतं तर विचारलं नसतं कुणाला." उदयला लहानपणी कावीळ-ब होऊन गेली होती, त्यामुळे तो पहिल्याच फेरीत बाद होता. "बाबा गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. अण्णांनी शाळा सोडून पंपाच्या मोटारी भरायचं काम धरलं, म्हणून मी आयटीआयला गेलो. पण अंग तुझं हाय."

"म्हणजे द्यायचं का नाही?"

"म्हणजे मी काही म्हणत नाही."

तिला वाटलं, यापेक्षा तो 'दे' म्हणाला असता तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं.

अण्णा म्हणजे सुकुमार मगदूम, एकसष्ट वर्षांचे. पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करण्याचं, म्हणजे त्यांत तार नव्यानं भरून देण्याचं, त्यांचं जयसिंगपुरात दुकान होतं. दारूचा थेंब त्यांनी कधी घेतला नव्हता. साखर आणि चरबी यांनीच त्यांचं यकृत दगडासारखं करून टाकलं होतं. सारिका लग्न होऊन आली तेव्हा "सून नोकरी करणार" हे सासूला ठणकावून सांगणारे तेच. ते वाईट माणूस असते तर सारिकाचं काम सोपं झालं असतं.

रविवारी सगळे अण्णांच्या घरी जमले. अण्णा आतल्या खोलीत झोपले होते. बाहेर हर्षद, त्याची बायको आणि सारिकाची थोरली जाऊ सुनंदा बसले होते. सुनंदा वैनींनी पोह्यांची ताटली पुढं केली आणि सारिकाच्याच शेजारी बसल्या.

"तुझं कसं हाय आता? बरं हाय न्हवं?"

"दमायला होतं, वैनी."

"वयच तसं हाय गं. मी पण दमते." त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझं दोनदा झालंय, डॉक्टर म्हणाले धोका कमी. हर्षदची दोन लहान लेकरं. त्याचं पहिल्यांदा, काय झालं तर? तुझं परत वाढतंय की."

परत वाढतंय की. वडिलांच्या वेळी घरात कुणाला घास गिळवत नव्हता. आईनं तिचे पाय धरले होते. अभिनंदनच्या वेळी निदान तो ऑपरेशनच्या आधी रडला होता. आता पोहे होते, आणि पोह्यांवर खोबरं होतं.

"आणि अगदीच तुझं न्हाई बसलं," सुनंदा वैनी सहज म्हणाल्या, "तर श्रेयाचाही रक्तगट ओच की. एकोणीस पुरी झाली न्हवं तिला?"

सारिकानं हातातला चमचा ताटलीत ठेवला. श्रेया, तिची एकुलती एक मुलगी, सांगलीला शिकत होती. पुढच्या आठवड्यात तिची परीक्षा होती.

*

गुरुवारी मिरजेच्या दवाखान्यात रक्त, स्कॅन, सगळं झालं. मग डॉ. शबनम मुजावर यांनी तिला एकटीला खोलीत बोलावलं. दात्याशी एकट्यानं बोलायचं, फोन बाहेर ठेवायचा, दार लावायचं, असा तिथला शिरस्ता होता. दोन्ही ऑपरेशनच्या वेळी सारिका याच खोलीत 'हो' म्हणाली होती.

"रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत," डॉक्टर म्हणाल्या.

"मग मी दमते का, मॅडम?" सारिकानं विचारलं. "खोटं सांगत नाही. कपड्यांच्या घड्या घालताना निम्म्यावर बसते. रात्रभर झोपते आणि सकाळी उठल्यावर वाटतं, झोपलेच नाही. मागच्या खेपेपासून असंच आहे."

डॉ. मुजावर यांनी फाईल मिटली. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"ज्याच्यासाठी टेस्ट नाही, ते आमच्याकडे नॉर्मलच असतं," त्या म्हणाल्या. "तीन आठवड्यांत शरीरानं पाऊण किलो यकृत बांधलं. माल कुठून आणला? स्नायूंतून, हाडांतून, कुठून कुठून. ते भरून निघतं असं आम्ही धरून चाललोय. दुसरं म्हणजे लगाम. तो परत जातो, पण आधीइतका घट्ट बसत नाही. दुसऱ्या वेळी यकृत लवकर वाढतं ते त्यामुळेच. तिसऱ्या वेळेचं आम्हाला फारसं माहीत नाही. जगभरात चाळीसेक माणसं असतील तिसऱ्यांदा दिलेली. त्यातली बहुतेक ठीक आहेत."

"बहुतेक."

"बहुतेक. याहून मोठा शब्द माझ्याकडे नाही."

सारिकाला म्हशी आठवल्या. पान्हा चोरणाऱ्या म्हशीला इंजेक्शन टोचून दूध काढणारे काही जण होते. ते दूध लॅबमध्ये यायचं तेव्हा फॅट बरोबर असायचं, लॅक्टोमीटरची डिग्री बरोबर असायची. मशीन कधीच काही म्हणायचं नाही.

"तुम्हाला द्यायचं नसेल," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, "तर मी बाहेर जाऊन एकच वाक्य सांगेन. 'नळ्यांची मांडणी जुळत नाही.' त्यापुढं कुणी कितीही विचारलं तरी एक शब्द जास्त नाही. तुम्हाला कुणी बोल लावणार नाही. हे आम्ही सगळ्याच दात्यांना सांगतो. मागच्या दोन्ही वेळांना तुम्हालाही सांगितलं होतं."

सांगितलं असेल. तेव्हा तिला ते ऐकूच आलं नव्हतं.

आता ते ऐकून तिचे खांदे खाली आले. एक वाक्य, तेही दुसऱ्याच्या तोंडचं, आणि घरी जाऊन झोपायचं. तिनं मान हलवायला घेतलीच होती. मग विचारलं, "मी बाद झाले तर पुढं कुणाला बोलावणार?"

"घरचे ज्याचं नाव देतील त्याला. अठरा पूर्ण असले की झालं."

सारिकानं खिडकीच्या जाळीकडं बघितलं. तिच्या नळ्या जुळल्या नाहीत तर सगळे हळहळतील, आणि संध्याकाळी सांगलीला फोन करतील. आपली आई बसली नाही म्हणून आपण, असं म्हणून पोरगी निघून येईल. सारिकाही अशीच गेली होती. 'नाही' म्हणता येतं हे त्या घरात कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

"बाहेर खोटं सांगू नका, मॅडम," ती म्हणाली. "मीच सांगते."

व्हरांड्यात सुनंदा वैनी, हर्षद आणि उदय बाकावर बसले होते. तिला पाहून तिघंही उठले.

"बसतंय?" वैनींनी विचारलं.

"बसतंय. पण मी देणार नाही."

कुणाला काही कळलं नाही. वैनींना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय म्हणाली डॉक्टरीण?"

"डॉक्टर काही नाही म्हणाल्या. मी म्हणतेय. मी दोनदा दिलंय, आता देणार नाही. माझ्यात तेवढं उरलेलं नाही."

हर्षद पुढं आला. "काकी, अण्णा मरतील."

"माहीत आहे मला. आणि श्रेयाला कुणी फोन करायचा नाही. तू आहेस की, हर्षद. मुलगा आहेस त्यांचा."

सुनंदा वैनी बाकावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या. सारिका पायऱ्या उतरून खाली आली. मागून उदय येतोय की नाही, हे तिनं वळून पाहिलं नाही. रिक्षा स्टँडवर तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

*

पुढच्या आठवड्यात हर्षदची तपासणी झाली. संध्याकाळी त्यानं सगळ्यांना घरी बोलावलं. सारिकाला बोलावणं नव्हतं, पण उदय म्हणाला, "चल." ती गेली.

हर्षद खुर्चीत मान खाली घालून बसला होता. "डॉक्टर म्हणाल्या, नळ्यांची मांडणी जुळत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे काय रे?" सुनंदा वैनींनी विचारलं.

"तेवढंच म्हणाल्या. जास्त काही सांगत नाहीत."

सारिकानं त्याच्याकडे बघितलं. हर्षदनं तिच्याकडे बघितलं आणि झटकन नजर वळवली. हर्षदखेरीज खोलीत ते वाक्य आधी ऐकलेली ती एकटीच होती, आणि ते तिला समजलंय हे त्यालाही कळलं. तिच्या जिभेवर शब्द आले होते. आठ दिवस ती या घरात पापीण ठरली होती, आणि हा इथं दुर्दैवी मुलगा होऊन बसला होता. त्याची बायको त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. लहान मुलगी त्याच्या मांडीवर चढायला बघत होती.

सारिका काही बोलली नाही. भीती वाटलेल्या माणसाला चारचौघांत उघडं पाडण्याइतकी ताकदही तिच्यात उरली नव्हती. कदाचित ते चांगुलपणाचं नव्हतंच. दमलेपणाचंच होतं.

त्या रविवारी सकाळी श्रेयाचा फोन आला. तिला कुणीतरी कळवलंच होतं.

"आई, मी देऊ का?"

सारिका पलंगावर बसली. "तू मोठी आहेस. मी नको म्हटलं तरी तुला जाता येईल. पण मी तुला एक कधी सांगितलं नाही, ते ऐक. मग ठरव." आणि तिनं पहिल्यांदाच सगळं सांगितलं. शिडीच्या मधल्या पायरीबद्दल. निम्म्यावर सोडलेल्या घड्यांबद्दल. आजोबा दीड वर्षं जगले याचा आनंद खरा होता, आणि मामाला दिलं तेव्हा मनातून द्यायचं नव्हतं, हेही. "तुझ्या मामानं नंतर एकदाही 'ताई, कशी आहेस' असं विचारलं नाही. त्याचा दोष नाही. त्याला वाटलं, वाढलं की परत. मिटलं."

पलीकडून श्रेयाच्या नाक ओढण्याचा आवाज आला. "तू सांगायचं होतंस गं."

"सांगायला जमलं नाही."

*

अण्णा स्वतः आले ते त्याच आठवड्यात. दुपारची वेळ होती. पोट फुगलेलं, डोळे पिवळे, हातात काठी. रिक्षातून उतरून तीन पायऱ्या चढायला त्यांना पाच मिनिटं लागली. सारिका धावत गेली तर त्यांनी हातानंच थांबवलं. खुर्चीत बसून श्वास जागेवर आल्यावर म्हणाले, "पाणी नको. पाण्याचं पण माप हाय मला."

ती समोर जमिनीवर बसली.

"श्रेया आली होती दवाखान्यात, तपासून घ्यायला," अण्णा म्हणाले. "मी डॉक्टरीणबाईला लिहून दिलंय. या पोरीचं मी घेणार न्हाई. घेणाऱ्यालाही नको म्हणता येतं म्हणे. मला माहीत नव्हतं."

सारिकाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अण्णा, मी—"

"तुझं सांगायला नको. तुझी वैनी तुझ्यावर चिडलीय. चिडू दे. तिला भीती वाटतीय, ती कुणावर तरी काढणार." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आणि हर्षदचं मला कळलंय. बाप हाय मी. त्याच्या तोंडावरच लिहिलं होतं. तू तिथं असून बोलली न्हाईस, हे बरं केलंस. पुढंही कुणाला सांगू नको. त्याला जन्मभर या घरात राहायचंय."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. तुझा पण आला होता, खोटं कशाला बोलू. दोन दिवस आला. मग म्हटलं, हिनं एवढं दिलं, आपण कधी विचारलं का, बाई, दमलीस का? मोटार जळाली की गिऱ्हाईक म्हणतं, भरून द्या परत. भरतोय आम्ही. पण तीनदा भरली की आतला पत्रा पातळ होतो. मी गिऱ्हाइकाला सांगतोय तसं. घरात सांगितलं न्हाई."

जाताना ते म्हणाले, "मेलेल्याचं लिव्हर मिळायच्या यादीत नाव हाय माझं. आलं तर आलं."

यादी लांब होती आणि देणारं कुणी नव्हतं. श्रावण गेला, दसरा गेला. दोनदा फोन आला आणि दोन्ही वेळा यकृत दुसऱ्या कुणाला गेलं. कार्तिकात डॉ. मुजावर यांनी त्यांना घरी न्यायला सांगितलं.

सारिका रोज जायला लागली. सकाळची पाळी संपली की थेट अण्णांच्या घरी. सुरुवातीला सुनंदा वैनी तिच्याशी बोलत नव्हत्या. तिनं आणलेली भाकरी तशीच राहायची. ती न बोलता अण्णांचे पाय दाबायची, चादर बदलायची, संध्याकाळी घरी जायची. पंधरा दिवसांनी भाकरी संपलेली असायची. एकदा वैनींनी तिच्या हातातून बादली घेतली आणि म्हणाल्या, "तू ठेव. तुला उचलायचं न्हाई."

मार्गशीर्षातली ती दुपार होती. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात होते आणि त्यांच्या धक्क्यानं कपाटावरची भांडी वाजत होती. हर्षद दुकानात होता. अण्णा दोन दिवस शुद्धीवर नव्हते, आणि वैनींनी दोन दिवस डोळा मिटला नव्हता.

"जरा बस इथं," त्या सारिकाला म्हणाल्या. "मी पाठ टेकते. काय वाटलं तर हाक मार." भिंतीशी चटईवर त्या आडव्या झाल्या आणि क्षणात घोरू लागल्या.

सारिका अण्णांचा हात हातात घेऊन बसली. त्यांचा श्वास लांब लांब होत गेला. एक श्वास आला, आणि तिनं पुढच्याची वाट बघितली. तो आला नाही. ती आणखी बघत राहिली. मग तिनं त्यांचे डोळे मिटले, ओठांच्या कडेला आलेलं पाणी पुसलं आणि णमोकार मंत्र मनातल्या मनात म्हटला.

हाक मारायची म्हणून ती वळली. सुनंदा वैनी तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या. एक हात डोक्याखाली, दुसरा चटईबाहेर. पायांच्या टाचा फुटलेल्या. कपाळावरच्या आठ्या झोपेत विरल्या होत्या. त्यांना उठवलं की रडणं, फोन, माणसं, मग पुढचे कितीतरी दिवस उभ्यानं काढायचे. सारिकाला ते सगळं माहीत होतं.

ती परत खाली बसली. अण्णांचा हात अजून गरम होता. तिनं तो सोडला नाही. बाहेरून आणखी एक ट्रॅक्टर गेला, भांडी वाजली आणि थांबली. घड्याळाचा काटा वीस मिनिटं पुढं सरकला.

मग वैनी आपणच जाग्या झाल्या. उठून बसल्या, अण्णांकडं बघितलं, सारिकाकडं बघितलं.

"कवा?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच," सारिका म्हणाली.